कन्व्हर्टर कोणाचा

इंदूबाईचं डोकं त्या सकाळी तापलेलं होतं, आणि ते उगाच तापलेलं नव्हतं. ज्या घरात दोन धडधाकट भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत, जे काय बोलायचं ते मधल्या बाईच्या तोंडून बोलतात, त्या घरातल्या बाईचं डोकं थंड राहील कसं? बर्फाच्या लादीवर नेऊन बसवली असती तरी राहिलं नसतं.

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडून आत वळलं की टिनाची एक लांब शेड लागायची. पुढे मोटारींचं गॅरेज, मागे दोन खोल्या, त्या खोल्यांत इंदूबाईचा संसार. थोरला रुपराव तिचा नवरा, इंजिनातला वस्ताद. धाकटा मुकुंद तिचा दीर, अजून बिनलग्नाचा. गिअरबॉक्समध्ये त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्यांचे वडील दादाजी गेले आणि वर्षाच्या आत रुपरावनं गिऱ्हाइकांदेखत मुकुंदच्या कानशिलात वाजवली. कारण काय, तर एका बोल्टचे आटे गेले! मिशी फुटलेल्या माणसाला चारचौघांत मारल्यावर तो काय गप ऐकून घेणार? मुकुंदनं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "आजपासून तू मले मेला अन् मी तुले मेलो." तेव्हापासून अबोला. कितीतरी दिवाळ्या आल्या आणि गेल्या, अबोला जागचा हलला नाही.

धंदा मात्र एकच होता, पोट एकाच चुलीवर होतं. मग वाटणी झाली, तीही इंदूबाईच्या तोंडून. "त्याले सांग, इंजिन माहं." "दादाले सांग, गिअरबॉक्स अन् त्याच्या मागचं सारं माहं." क्लच कोणाचा यावर आठवडाभर भांडण चाललं. इंदूबाई हातातलं पीठ झटकत शेडमधून खोलीत आणि खोलीतून शेडमध्ये जायची, आणि शेवटी तो क्लच थोरल्याकडे गेला. गाडीखालीसुद्धा दोघं एका वेळी शिरत नसत. सकाळी थोरला, दुपारी धाकटा. जेवायला बसले की दोघांच्या मधोमध मिठाची वाटी असायची, आणि रुपराव म्हणायचा, "इंदे, त्याले म्हण, मीठ इकडे दे." अरे, हात आहे की नाही तुला? बाई चुलीपुढून उठायची, वाटी वीतभर सरकवायची आणि परत भाकरीकडे जायची. करपलेली भाकरी मग तिच्याच ताटात पडायची.

निरोप वाहून वाहून तिचं एक मात्र झालं होतं. टॅपेट, टायमिंग, बेअरिंग, सगळं तिला कळायला लागलं होतं. न कळून सांगणार कशी?

त्या वर्षी शेडचा मालक ओमप्रकाश सेठ आपली गाडी घेऊन आला. सेठ भिवापूरच्या मिरचीचा मोठा व्यापारी. कुठल्याशा संस्थानिकाच्या तबेल्यातून त्यानं जुनी अमेरिकन गाडी उचलली होती, साईच्या रंगाची, एवढी लांब की अर्धी शेडबाहेरच उभी राहायची. या गाडीला क्लचचा पायडल नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. सारा मोहल्ला वाकून वाकून पाहून गेला की बाप्पा, ड्रायव्हरचा डावा पाय करतो काय? आता मात्र गाडीचं इंजिन नुसतं घुरघुरायचं आणि चाक इंचभर फिरायचं नाही.

सेठ इंदूबाईच्या दारात उभा राहून बोलला. "देखो रुपराव, दसऱ्याच्या आधी माझी गाडी आपल्या पायांनी माझ्या दारात आली पाहिजे. आली, तर ही शेड तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली, तर खाली करा. मला गोदाम पाहिजेच आहे."

ते ऐकल्यापासून इंदूबाईला झोप नव्हती. शेड गेली की मागच्या दोन खोल्या गेल्या. तिचं न्हाणीघर, तिची चूल, तिनं स्वतः सारवलेलं अंगण, सगळं गेलं. भावांना दुसरीकडे कुठे तरी पाने फिरवायला मिळतील. ती डोक्यावर भांडी घेऊन कोणाच्या दारात उभी राहणार? तिला फक्त एवढंच हवं होतं की ही गाडी दसऱ्याच्या आधी चालावी.

आता या गाडीची गंमत अशी की क्लचच्या जागी तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नावाचं धूड होतं. इंदूबाई त्याला गंज, म्हणजे पातेलं, म्हणायची, कारण दिसायला ते तसंच होतं, एका गंजावर दुसरा गंज उपडा घालून कडा सांधल्यासारखं. त्याची मागची नळी गिअरबॉक्सच्या तोंडात, पार आतल्या पंपापर्यंत जाऊन बसते, आणि त्याची पुढची बाजू इंजिनाच्या चकतीवर बोल्टांनी कसली जाते. म्हणजे अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. झालं! दोन्ही भावांना नेमकं तेच हवं होतं.

"त्याले सांग, माह्या इंजिनवर कसला जाते, म्हणून कन्व्हर्टर माहा."

"दादाले सांग, माह्या पंपात बसते, म्हणून कन्व्हर्टर माहा."

"त्याले सांग, क्लच माहा होता. क्लचच्या जागी जे येईल ते माहं."

"दादाले सांग, क्लच अन् कन्व्हर्टर एकच वाटत असंल, तं तू बैलगाडी दुरुस्त कर!"

चार दिवस हे चाललं. इंदूबाईला वाटायचं, तो गंज उचलावा आणि तलावात नेऊन टाकावा. मुकुंद मधली दोन वर्षं रुसून उमरेडच्या कोळसा खाणीत राहिला होता, तिथल्या परदेशी डंपरांत हेच कन्व्हर्टर असायचे, म्हणून बसवायचं कसं ते त्याला ठाऊक होतं. रुपरावला ठाऊक नव्हतं. पण विचारणार कोण? थोरला ना तो!

शेवटी एका दुपारी मुकुंदनं कोणाला न विचारता गिअरबॉक्स बाकावर घेतला आणि कन्व्हर्टर त्याच्या तोंडात घातला. इंदूबाई चहा घेऊन गेली तेव्हा तो त्याला दोन्ही हातांनी आत दाबत हळूहळू फिरवत होता.

"ऐक वहिनी," तो म्हणाला. "याले तीन घरं आहेत. एक झालं."

फिरवता फिरवता आतून ठक् असा आवाज आला आणि कन्व्हर्टर बोटभर आत गेला. "दुसरं झालं. इथं समद्यायले वाटते की बसला. बसला नसते. खरं घर तिसरं, पंपाचं. त्याच्या खाचा सापडेपर्यंत फिरवतच राहा लागते." तो फिरवत राहिला, घामानं निथळला, आणि मग एकदम तिसरा ठोका आला, जाड, खोल. कन्व्हर्टर चांगला दोन बोटं आत शिरला. मुकुंद लहान पोरासारखा हसला. मग त्यानं बाहेरून जाड तार आडवी बांधून टाकली, कारण गिअरबॉक्स जरा पुढे कलला की हे धूड पुन्हा सरकून बाहेर येतं. चहा थंड झाला होता, तरी त्यानं तो आवडीनं प्याला.

इथवर सारं ठीक होतं. संध्याकाळी रुपरावनं ती तार पाहिली.

"त्याले सांग," तो गरजला, "माह्या कन्व्हर्टरले तार बांधणारा तो कोण?"

इंदूबाईनं सांगितलं. मुकुंद न्हाणीघरातूनच ओरडला, "दादाले सांग, डोकं असंल तं वापर म्हणा, भैताडासारखा करू नको!"

आता हे बाईनं सांगावं की गिळावं? इतकी वर्षं तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. तिनं जसंच्या तसं सांगितलं. रुपरावच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यानं तिच्या पायाशी आपटला. काचेचा तुकडा उडून तिच्या घोट्यात शिरला.

"मले भैताड म्हणतं? नवऱ्याले?"

"मी नाही म्हटलं! तुमच्या भावानं म्हटलं!"

"निघालं तं तुह्याच तोंडातून ना!"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घोट्यातून रक्त येत होतं, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. शेडच्या मधोमध उभी राहिली आणि दोघांनाही ऐकू जाईल अशी कडाडली, "बस झालं! शिव्या तुमच्या अन् मार मले? आजपासून माह्या तोंडून तुमचा एक शब्द जाणार नाही. मरा, नाही तं बोला!" थोरला गाडीकडे वळला, धाकट्यानं न्हाणीघरात पाणी ओतून घेतलं. रात्री जेवायला मात्र दोघंही वेळेवर बसले.

आणि आता सकाळ झाली होती, आणि मुकुंद सायकलला पिशवी लावून सदरच्या बाजाराकडे निघाला होता. या गाडीच्या गिअरबॉक्सला लाल तेल लागतं, ते तिथल्या एकाच दुकानात मिळायचं.

"वहिनी, दादाले सांगजो," तो सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "तार सोडू नको म्हणा. सोडली तं कन्व्हर्टर पंपातून सुटंल. मंग पुन्हा फिरवून तिसरा ठोका ऐकल्याबिगर गिअरबॉक्स चढवायचा नाही. अन् नुसत्या हातानं ढकलला तरी इंजिनशी टेकला पाहिजे. फट राहिली तं बोल्टनं ओढायचा नाही, पंपाचे तुकडे होतील. सांगजो बरं!"

"मी काही सांगणार नाही. काल काय बोलली मी? तुमचे दादा आत बसले आहेत, जाऊन सांगा."

"सांगजो वं वहिनी, कामाचं आहे."

"भाऊजी, मी सांगणार नाही म्हणते ना!"

पण सायकल वळणावर गेलीसुद्धा. तिच्या रागाला त्या घरात तेवढीच किंमत होती. बाई आहे, बोलते, मग सांगते; असं त्याला वाटलं असणार. तिची लाही लाही झाली. घोटा ठणकत होता. ती फणफणत आत आली आणि तुरीची डाळ निवडायला बसली, खडे टिपून असे भिरकावू लागली की समोरच्या टिनावर ताडताड वाजत होते.

थोड्या वेळानं शेडमधून पक्कडीचा आवाज आला. कापलेली तार अंगणात येऊन पडली.

इंदूबाई उठून दारात आली. रुपरावनं कन्व्हर्टरचं तोंड रॉकेलच्या फडक्यानं चकाचक पुसलं होतं. मग त्यानं गिअरबॉक्स जॅकवर घेतला, गाडीखाली ढकलताना तो पुढे कलला आणि कन्व्हर्टर सर्रकन् बाहेर सरकला. तिनं डोळ्यांनी पाहिलं. रुपराव पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्याला काय कळणार होतं?

जॅक वर गेला. गिअरबॉक्स इंजिनाजवळ आला आणि अडला. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट राहिली. रुपरावनं खांदा लावून ढकललं, शिवी दिली, पुन्हा ढकललं. मग त्यानं लांब दांड्याचा पाना ओढला. अँबेसडरचे कितीतरी गिअरबॉक्स त्यानं असे बोल्टनं खेचून बसवले होते.

शेड गेली, असं इंदूबाईच्या मनात लख्ख आलं. ती राग, शपथ सगळं विसरून चार पावलं पुढे गेली. "अहो, ऐकता का..."

गाडीखालून आवाज आला. "त्याचा निरोप घेऊन आली असशील तं चालती हो. सकाळी सकाळी त्याची अक्कल नको मले."

ती थांबली. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं, तार, तिसरं घर, फट, पंप. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण चालती हो? ज्या घरासाठी जीव तीळतीळ तुटतो त्याच घरात चालती हो?

"नाही आणला," ती म्हणाली. "कोणाचाच निरोप नाही आणला."

आणि ती आत गेली. डाळ निवडायचं सूप पुढे ओढलं. बाहेर पाना कर्र कर्र करत होता, एकदा या बाजूचा बोल्ट, एकदा त्या बाजूचा. प्रत्येक आवाजाला तिला वाटे, आता उठावं. उठली नाही. दातांवर दात दाबून बसली. मग कटाक असा एक आवाज झाला, फार मोठा नव्हता.

"बसला!" रुपराव खुशीत ओरडला. "कसा नाही बसत बेटा!"

मुकुंद उन्हाचा परतला. अंगणात त्याला कापलेली तार दिसली. त्यानं तेलाचा डबा तिथेच ठेवला, धावत शेडमध्ये गेला आणि गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सच्या खालच्या खिडकीवजा भोकातून हात घालून त्यानं कन्व्हर्टर फिरवून पाहिला. तो तसूभर हलेना. नीट बसला असता तर बोटानं फिरला असता. त्यानं भराभर बोल्ट सोडले, गिअरबॉक्स खाली घेतला, कन्व्हर्टर काढला, पंप उघडला. रुपराव आधी दुरून पाहत होता, मग जवळ आला, मग वाकला. पंपाची आतली चकती फुटून तुकडे झाले होते. हा पंप नागपुरात नव्हता, मुंबईत नव्हता. परदेशातून आला तर येणार, आणि दसरा तर उंबऱ्यावर होता.

इंदूबाई दारात येऊन उभी राहिली. आता हे एकमेकांच्या उरावर बसणार, असं तिला वाटलं. तिनं मनातल्या मनात पदर खोचला.

मुकुंदनं मान वर केली. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या डोळ्यांत पाहून बोलला.

"दादा, तुले वहिनीनं सांगतलं नाही?"

"नाही गा, मुकुंदा," रुपराव म्हणाला. "एक शब्द नाही."

"मी जाताना बजावून गेलो होतो. तार सोडू नको, बोल्टनं ओढू नको."

"मले सांगतलं असतं तं मी कायले ओढलं असतं? मी काय दुश्मन आहे का पंपाचा?"

"तेच म्हणतो मी, दादा. तुह्या हातून असं होणार नाही."

"इथं येऊन उभी होती गा! मी विचारलंही. म्हणे कोणाचाच निरोप नाही."

"अरे बाप्पा! असं म्हणे?"

"हौ ना!"

पाहा आता! ज्या अबोल्यासाठी तिनं नवस बोलले, उपास धरले, तो सुटला होता. किती गोड सुटला होता! रुपरावनं बाकावरची जागा पुसून दिली, मुकुंद त्याच्या शेजारी बसला, दोघांनी एकाच काडीवर बिड्या पेटवल्या आणि बायकांचा राग संसाराला कसा बुडवतो यावर दोघांचं एकदम एकमत झालं. इंदूबाईला आधी कानांवर विश्वास बसेना. मग तिच्या अंगाचा भडका उडाला.

आपण गप्प राहिलो म्हणून पंप फुटला, हे तिला कोणी सांगायला नको होतं. कटाक वाजलं तेव्हापासून ते तिला आतून कुरतडत होतं. आपल्याच हट्टानं आपली चूल गेली, हे ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. पण हे दोघं? यांच्या तोंडाला कोणी कुलूप घातलं होतं?

"वा!" ती म्हणाली. "किती छान बोलता हो तुम्ही दोघं! इतकी वर्षं येत नव्हतं का बोलता? रात्रभर एका छपराखाली झोपले, तेव्हा नाही आलं? माह्या पायात काच घुसली, तेव्हा नाही फुटलं तोंड? मले दोष द्यायचा म्हटल्याबरोबर फुटलं?"

"पण वहिनी, तू सांगाले पाहिजे होतं," मुकुंद म्हणाला.

"अन् तुम्ही काहून नाही सांगतलं? सदरला जायले पाय होते, दादाजवळ जायले नव्हते?"

रुपराव काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात बाहेर सेठच्या जीपचा हॉर्न वाजला. सेठ गाडी कुठवर आली ते पाहायला आला होता. दोन्ही भाऊ ताडकन उठले. बिड्या पायाखाली गेल्या. रुपरावनं पंपाच्या तुकड्यांवर फडकं टाकलं, मुकुंदनं ते नीट पसरलं, आणि मग दोघांनी एकदमच इंदूबाईकडे पाहिलं.

"इंदे," रुपराव हळूच म्हणाला, "तूच सांग सेठले."

"हो वहिनी," मुकुंद म्हणाला. "तुले सांगता येते बरोबर. बाईमाणसावर तो ओरडणार नाही."

इंदूबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. छप्पर तर गेलंच होतं. आता भिऊन काय उरणार होतं? तिनं शेडचं दार सताड उघडलं.

"या सेठजी, आत या!" ती मोठ्यानं म्हणाली. "दोघंही घरीच आहेत."

सेठ धोतराचा सोगा सावरत आत आला. उघडी पडलेली गाडी, बाकावरचा गिअरबॉक्स, फडकं, सगळं पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय झालं, रुपराव?"

रुपरावनं घसा खाकरला. "सेठजी, ते असं झालं की..." तो अडखळला, मुकुंदकडे पाहिलं, मुकुंद जमिनीकडे पाहत होता. मग सवयीनं त्याची मान बायकोकडे वळली.

"माह्याकडे काय पाहता?" इंदूबाई म्हणाली. "सेठजी तिकडे उभे आहेत."